मूळबिंदू चुकवणारी रेषा: पदवीप्रदानाच्या भाषणाचा उपयोग काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कारखान्यात गुणवत्ता तपासणीत बावीस वर्षं काढल्यावर तुमच्या जुन्या विज्ञान महाविद्यालयानं तुम्हाला पदवीप्रदान समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलंय. विषय दिलाय ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’, वेळ पंधरा मिनिटं. तुम्ही विचारता, असली भाषणं कुणी ऐकतं का, त्यांचा काही उपयोग असतो का, आणि असलाच तर नेमकं बोलावं काय?

मी भौतिकशास्त्र चौतीस वर्षं शिकवलं, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ प्रयोगशाळेत गेला. समारंभाच्या समितीवर असताना झगे मोजून घेण्यापासून पाहुण्यांच्या गाडीची वाट बघत फाटकाशी उभं राहण्यापर्यंत सगळी कामं केली. भाषणं ऐकली तीसेक, स्वतः दिली चार. त्या चारातली तीन वाईट होती. एवढ्या भांडवलावर उत्तर देतोय.

मुलं ऐकतात की नाही, हे तुमच्यावर फार कमी अवलंबून असतं आणि कार्यक्रमपत्रिकेवर फार जास्त. एका वर्षी आम्ही पाहुण्यांचं भाषण पदव्या वाटून झाल्यावर ठेवलं होतं. पदवी हातात पडली की मुलगा फोटोसाठी बाहेर जातो, त्याच्यामागून आई डोळे पुसत जाते, त्यांच्यामागून गावाहून आलेले काका जातात, कारण गाडीची किल्ली काकांकडे. पाहुणे शेवटी राष्ट्रनिर्माणावर बोलले ते पहिल्या दोन रांगांतल्या आम्हा प्राध्यापकांना आणि तंबूवाल्याला. तेव्हा आधी महाविद्यालयाला फोन करून विचारा: भाषण पदव्यांच्या आधी आहे का? आधी किती सत्कार आहेत? दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ हे सगळं आटोपून तुमच्या हाती माइक येईल तेव्हा किती वाजले असतील? पंधरा मिनिटं दिली असतील तर बाराची तयारी करा. आणि मुलांपैकी किती जण घरातले पहिले पदवीधर आहेत, तेही विचारून घ्या. ती संख्या मोठी असेल तर सभागृहात आई-वडील असतील, आणि भाषण त्यांनाही कळायला हवं. म्हणजे मराठीत.

आता मुख्य प्रश्नाकडे. उपयोग असतो का?

विषयच वैज्ञानिक दृष्टिकोन आहे, तर या प्रश्नालाही तोच लावून बघू. ‘अमक्या भाषणानं माझं आयुष्य बदललं’ असं सांगणारी माणसं भेटतात. पण ज्यांचं काहीच बदललं नाही, ती सांगायला येत नाहीत. जी भाषणं आज वाचायला मिळतात ती छापली गेली म्हणून मिळतात. बाकीची हजारो सभागृहाच्या पंख्याखालीच संपली. उरलेल्यांकडे बघून सगळ्यांचा अंदाज बांधायचा, ही चूक आपण विद्यार्थ्यांना करू देत नाही. मग स्वतः का करावी?

मी एकदा अगदी गबाळी चौकशी केली होती. समारंभाला वर्ष झाल्यावर गुणपत्रिका, दाखले वगैरे न्यायला आलेल्या दहा-बारा मुलांना विचारलं, ‘गेल्या वर्षी पाहुणे काय बोलले?’ नाव कुणालाच आठवेना. विषय दोघांना आठवला, तोही चुकीचा. पण पाहुण्यांनी ओघात सांगितलेली एक गोष्ट, ते नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात चुकीच्या टाकीचा नमुना घेऊन आले होते ती, बहुतेकांना आठवत होती. दहा-बारा मुलांवरून सिद्धान्त मांडू नये हे मला कळतं. तरी तेव्हापासून माझी समजूत अशी झाली आहे की पदवीप्रदानाच्या भाषणातून उपदेश पोचत नाही. पोचली तर एखादी चूक पोचते, आणि तीही वडीलधाऱ्या माणसानं स्वतःच्या घरातली काढून दाखवलेली असेल तर.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली कॅल्टेक या संस्थेच्या पदवीप्रदानात केलेलं भाषण. त्यातली एक गोष्ट पुष्कळ जण सांगतात. महायुद्धात प्रशांत महासागरातल्या बेटांवर विमानं सामान घेऊन उतरत. युद्ध संपलं, विमानं यायची थांबली. मग तिथल्या लोकांनी धावपट्टीसारखी पट्टी केली, तिच्या कडेनं जाळ पेटवले, एक झोपडी बांधली आणि आत एक माणूस बसवला, कानांवर लाकडाचे तुकडे आणि डोक्यावर अँटेनासारख्या बांबूच्या काड्या लावून. सगळं जागच्या जागी, फक्त विमान उतरत नाही. (बेटांवरच्या लोकांचं हे चित्र आजच्या मानववंशशास्त्रज्ञांना एकांगी वाटतं, आणि त्यात तथ्य आहे. तुम्ही ही गोष्ट सांगणार असाल तर त्या लोकांना हसू नका, हसायला आपल्याच प्रयोगशाळा पुरेशा आहेत.)

पण त्या भाषणातला खरा ऐवज पुढे आहे आणि तो कमी सांगितला जातो. फाइनमननी रॉबर्ट मिलिकन या आधीच्या पिढीतल्या भौतिकशास्त्रज्ञाच्या तेलथेंबाच्या प्रयोगाची गोष्ट काढली. दोन धातूच्या चकत्यांमध्ये तेलाचे बारीक थेंब तरंगवायचे, दुर्बिणीतून त्यांचा वेग मोजायचा आणि त्यावरून इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार काढायचा. १९१३ साली मिलिकननी दिलेला आकडा जुन्या एककात ४.७७४ होता (दहाचे घात सोडून देऊ), आजचा ४.८०३ आहे. शेकडा अर्ध्याहून थोडासा जास्त फरक. कारण? थेंब हवेतून पडतो, तेव्हा हवेची विष्यंदिता, म्हणजे हवेचा दाटपणा थेंबाला किती अडवतो ते, गणितात येते, आणि त्यांनी वापरलेला विष्यंदितेचा आकडा किंचित चुकीचा होता. इथपर्यंत काही विशेष नाही, चुका होतात.

फाइनमन पुढे सांगतात की मिलिकननंतर ज्यांनी हा भार मोजला त्यांचे आकडे एकदम बरोबर जागी गेले नाहीत, थोडे थोडे वर सरकत गेले. असं का व्हावं? तर ज्याला मिलिकनपेक्षा बराच मोठा आकडा मिळाला त्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलंय. तो कारण शोधत बसला आणि काहीतरी कारण सापडलंच. ज्याला मिलिकनच्या जवळचा आकडा मिळाला त्यानं एवढं शोधलं नाही. यात खोटेपणा कुणीच केला नव्हता. नको असलेल्या उत्तराची झडती जोरात घेतली गेली आणि हव्या असलेल्या उत्तराला नुसता सलाम मिळाला, एवढंच.

आता ही गोष्ट कुठे सांगितली ते बघा. मिलिकननी प्रयोग शिकागोला केला होता, पण १९२१ ते १९४५ या काळात कॅल्टेकचा कारभार त्यांच्याच हाती होता. १९२३ चं नोबेल त्यांना मिळालं. ती संस्था नावारूपाला आणणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. त्यांच्याच अंगणात, झगे घालून बसलेल्या मुलांसमोर, फाइनमननी त्यांच्याच आकड्याची चूक उलगडून दाखवली. आपल्याकडे संस्थापकांच्या तसबिरीला हार घालून झाल्यावर पाहुण्यानं असं काही काढलं असतं तर आभार मानणाऱ्याची काय अवस्था झाली असती, याचा विचार करून मला अजून हसू येतं. त्यानंतर चार वर्षांनी, १९७८ साली, जेराल्ड होल्टन या इतिहासकारानं मिलिकनच्या वह्या तपासून दाखवलं की छापील लेखात ‘प्रयोग केलेले सगळे थेंब’ म्हणून ५८ थेंब दिले असले तरी वहीत त्याहून बरेच जास्त आहेत. ही गोष्ट फाइनमनच्या भाषणात नाही, पण कॅल्टेकच्या मुलांना तीही माहीत असावी असं मला वाटतं.

घरातली चूक सांगण्याची ही रीत परदेशीच आहे असं समजू नका. आपल्याकडे पदवीप्रदानात तैत्तिरीय उपनिषदातल्या शिक्षावल्लीचा पाठ म्हणायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ‘सत्यं वद’ सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच उपदेशात जरा पुढे गुरू शिष्याला सांगतो की आमची जी चांगली वागणूक असेल तेवढीच उचल, बाकीची नको. म्हणजे आमच्यात दुसऱ्या प्रकारचीही आहे, हे गुरूनं निरोपाच्या दिवशी शिष्यापुढे कबूल केलं. हे वाक्य म्हणताना माइकवरचा आवाज नेहमी घाईत का असतो, कोण जाणे.

अर्थात सगळी चांगली भाषणं याच वाटेनं जातात असं नाही. त्याच कॅल्टेकमध्ये १० जून २०१६ रोजी डॉ. अतुल गावंडे बोलले. बॉस्टनचे शल्यविशारद आणि लेखक. वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. त्यांनी सुरुवातीलाच मुलांना सांगितलं की विज्ञान म्हणजे पदवीचा विषय किंवा पोटापाण्याचा धंदा नाही. पद्धतशीर विचार करण्याशी आणि पडताळून ज्ञान उभं करण्याशी बांधून घेणं म्हणजे विज्ञान. मग लोकांचा विज्ञानावरचा विश्वास का उडतो याकडे ते वळले आणि विज्ञानाचा आव आणणाऱ्यांच्या पाच खुणा त्यांनी दिल्या: कटकारस्थानाचे दावे, भाडोत्री तज्ज्ञ, सोयीचे तेवढेच पुरावे, फसव्या तुलना, आणि विज्ञानाकडून अशक्य खात्रीची अपेक्षा. एक व्यवहारी सल्लाही दिला. अफवा खोडून काढताना तीच पुन्हा पुन्हा उच्चारली तर ती अधिकच पक्की बसते, म्हणून खरी माहिती आधी आणि ठळकपणे सांगा. उपयोगी भाषण आहे, मी स्वतः वर्गात वापरलंय. पण माझी एक कुरकुर आहे. त्या पाच खुणा मुलं बाहेरच्या माणसांना लावतात, शेजारच्या काकूंना, व्हॉट्सॲपवरच्या मामांना. मिलिकनची गोष्ट ऐकून निघालेला मुलगा स्वतःची वही उघडतो. पदवीच्या दिवशी मला दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

थोडक्यात आतापर्यंतचं: कार्यक्रमपत्रिका बघा, उपदेश टाळा, चूक सांगा आणि ती आपल्या घरातली सांगा. हे बोलायला सोपं आहे, म्हणून माझी एक सांगतो.

प्रथम वर्षाला साध्या लंबकाचा प्रयोग असतो. दोऱ्याला गोळा बांधायचा, लांबी बदलत आंदोलनांचा वेळ घ्यायचा, आणि लांबी व आवर्तकालाचा (एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळाचा) वर्ग यांचा आलेख काढून गुरुत्व त्वरण काढायचं. पुस्तकात आकडा असतो ९.८१. तो आकडा आमच्या मुलांना इतका पाठ की पन्नासातल्या चाळीस जर्नलांत, म्हणजे प्रयोगवह्यांत, ९.८० ते ९.८२ च्या मध्येच उत्तर येतं. आता गंमत बघा. हा ९.८१ आकडा आपल्यापेक्षा बऱ्याच उत्तरेच्या अक्षांशांचा. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर खरं मूल्य ९.७८ आणि ९.७९ यांच्या मध्ये कुठेतरी येतं. एक मीटर लांबीच्या लंबकाला वीस आंदोलनांना इथे साधारण ४०.१७ सेकंद लागतील, ९.८१ धरलं तर ४०.१२. फरक एका सेकंदाच्या विसाव्या भागाचा. स्टॉपवॉचवर आपला अंगठाच एक-दोन दशांश सेकंद इकडेतिकडे होतो. म्हणजे चाळीस मुलांचे अंगठे एकमेकांशी तंतोतंत जुळले आणि तेही आपल्या गावात नसलेल्या आकड्यावर! याला प्रयोगशाळेच्या भाषेत रीडिंग शिजवणं म्हणतात. उत्तर आधी लिहायचं, गणित उलट करायचं, मग रकाने भरायचे. मीही विद्यार्थिदशेत शिजवली आहेत, आणि बऱ्यापैकी शिजवायचो. शेवटच्या आकड्यात थोडी विस्कळ ठेवायची म्हणजे खरं वाटतं, ही युक्ती मला एका वरच्या वर्गातल्या मुलानं शिकवली होती.

पण ही चूक सांगायची नाहीये, ही तर सार्वजनिक आहे. माझी चूक पुढची.

नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी एका मुलीचं जर्नल तपासायला आलं. अक्षर बारीक, पेन्सिलीला टोक काढलेलं. वीसऐवजी तिनं पन्नास आंदोलनं घेतली होती. का, ते विचारायचं मला सुचलं नाही. आलेखाची रेषा सरळ सुरेख होती, पण मूळबिंदूतून, म्हणजे दोन्ही अक्ष जिथे शून्यावर मिळतात तिथून, जात नव्हती. मागे वाढवली तर लांबीच्या अक्षाला मूळबिंदूच्या डावीकडे, आलेखकागदावरच्या जेमतेम दोन लहान घरांवर, छेदत होती. तिच्या मापात ते उणे पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपास येत होतं. उत्तर ९.७७. मी लाल पेनानं लिहिलं, ‘रेषा मूळबिंदूतून जायला हवी. अपेक्षित ९.८१.’ आणि दोन गुण कापले. तिनं जर्नल घेतलं, लाल अक्षरं वाचली, काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिची रेषा मूळबिंदूतून जात होती. खोडरबराची काळपट खूण कागदावर होती, आणि मी सही केली.

दोनेक वर्षांनी प्रयोगशाळेत नवे गोळे आले, आधीपेक्षा मोठे. वर्गाला दाखवायला मीच रीडिंग घ्यायला बसलो आणि माझीही रेषा मूळबिंदू चुकवायला लागली. आधी पट्टीला दोष दिला, मग स्टॉपवॉचला. आमचे प्रयोगशाळा सहायक कपाटाशी उभे होते. ते व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) पुढे करत म्हणाले, ‘सर, गोळा मोजलात का?’ लंबकाची लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत घ्यायची असते. मी घेतली होती दोऱ्याच्या गाठीपर्यंत. गोळ्याची त्रिज्या आणि गोळ्यावरची कडी एवढं अंतर प्रत्येक मापातून सारखंच सुटत होतं. सारखंच सुटत असल्यामुळे रेषेचा उतार बिघडत नव्हता, फक्त रेषा तेवढी बाजूला सरकत होती. म्हणजे उतारावरून काढलेलं उत्तर बरोबर येणार, आणि मूळबिंदूच्या डावीकडे रेषा जिथे छेदेल तिथे ते सुटलेलं अंतर आपोआप लिहिलेलं सापडणार.

त्या मुलीच्या आलेखात तेच लिहिलेलं होतं. तिनं लांबी मोजायला चूक केली होती हे खरं, पण तिच्या कागदानं ती चूक किती मिलिमीटरची आहे तेसुद्धा सांगितलं होतं. उत्तर आपल्या गावाच्या जवळचं होतं. आणि रेषा मूळबिंदूकडे वाकवली की उतार बिघडतो, म्हणजे बरोबर आलेलं उत्तर मी बिघडवायला लावलं. बाकी चाळीस जर्नलांना मी पूर्ण गुण देऊन मोकळा झालो होतो. त्यांची झडती घ्यावी असं एकदाही वाटलं नाही. मिलिकननंतरच्या लोकांनी केलं तेच मी लाल पेन घेऊन केलं. ती तोवर पास होऊन गेली होती.

माझं जे एक भाषण बरं झालं त्यात मी हे सांगितलं, फळ्यावर आलेख काढून. मंचावर फळा मागितला म्हणून आयोजक जरा नाराज होते. पण मागच्या रांगेतली मुलं वाकून बघत होती, दोन घरं डावीकडे म्हणजे किती ते.

आता ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ या शब्दाबद्दल. पाहुण्यांच्या भाषणात तो आला की हमखास दोन गोष्टी येतात. एक, संविधानाचं कलम ५१-क. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं आलेल्या मूलभूत कर्तव्यांत विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आहे, हे खरं आणि महत्त्वाचं. पण कलमाचा आकडा सांगून दृष्टिकोन येत नाही. दुसरी, लिंबू-मिरची. मांजर आडवं जाणं, लिंबू-मिरची, अमावास्या यांची टिंगल केली की हशा मिळतो आणि बोलणाऱ्याला आपण विज्ञाननिष्ठ असल्याचं समाधान मिळतं. खुर्च्यांवर बसलेल्या आई-वडिलांपैकी निम्म्यांच्या गाडीला आत्ता लिंबू-मिरची बांधलेली असते. ज्या मुलाला त्यांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं त्याच्यासमोर त्यांना हसायचं? आमच्या प्रयोगशाळेत खंडेनवमीला वर्णपटमापीला (स्पेक्ट्रोमीटरला) झेंडूची माळ पडायची. मी चौतीस वर्षांत त्यावर वाद घातला नाही. माळ काढल्यावर त्याच यंत्रावरची रीडिंग कशी घेतली यावर मात्र घालायचो.

अंधश्रद्धेचाच विषय घ्यायचा असेल तर टिंगलीऐवजी चाचणी सांगा, आणि ती आपल्या महाराष्ट्रातच झालेली आहे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात २००९ साली ती छापून आली. शाळेत हुशार ठरलेली मुलं आणि बौद्धिक वाढ खुंटलेली मुलं, अशा दोन गटांच्या प्रत्येकी शंभर पत्रिका जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन विचारलं, यातली कोणती कोणत्या गटातली? २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी बरोबर आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. यात मला आवडतं ते हे की कुणाला मूर्ख म्हटलेलं नाही. किती बरोबर आली तर मानायचं, हे आधी ठरवता येतं, आणि उत्तर उलटं आलं असतं तर चाचणी घेणाऱ्यांना मान तुकवावी लागली असती. मुलांना हे शेवटचं नीट उलगडून सांगा. आपण हरू शकतो अशी चाचणी मांडायला धैर्य लागतं, हे बाविसाव्या वर्षी कळलेलं बरं.

एवढं सांगून शेवटी तुमच्या हातात काय आहे ते बघू. तुम्ही लिहिलंय, ‘मी काही शास्त्रज्ञ नाही, मी आपला क्वालिटीवाला.’ अहो, तुमच्याकडे माझ्यापेक्षा चांगला माल आहे. तुमच्या शॉपवर एखादा लॉट नापास झाला की काय होतं? री-चेक. मायक्रोमीटर बदला, तपासणारा बदला, नमुना बदला, तापमान बघा. आणि पास झाला की? सही, शिक्का, गाडी भरली. पास झालेला लॉट पुन्हा तपासा असं कधी कुणी म्हणालंय? नापासची तीनदा तपासणी आणि पासची एकदा, यात चुकून पास झालेले नमुने किती निसटत असतील, हे गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. मिलिकनचीच गोष्ट ती, फक्त ग्रीसचे हात लागलेली. फाइनमनचं नाव न घेता तुम्ही ती सांगू शकता.

त्यासाठी एक खरा प्रसंग निवडा, जिथे चूक तुमची होती. खालच्या माणसाची नको, पुरवठादाराची तर नकोच. कोणता पार्ट, किती मिलिमीटर, गेज कोणता, कॅलिब्रेशनची तारीख कधी उलटून गेली होती, कुणी दाखवून दिलं, तुम्हाला तेव्हा किती राग आला, आणि मग तुम्ही काय केलं. आकडे सांगा, मुलांना आकडे आवडत नाहीत हा गैरसमज आहे, त्यांना बिनबुडाचे आकडे आवडत नाहीत. कंपनीचं नाव घेऊ नका. शक्य असेल तर तो पार्ट खिशातून घेऊन जा आणि वर धरून दाखवा.

सांगताना एक मोह होईल, की शेवटी चूक सापडल्यामुळे सगळं कसं छान झालं, बढती मिळाली वगैरे. तो टाळा. चूक कबूल केल्यावर नेहमी बक्षीस मिळत नाही, कधी बोलणीही बसतात, आणि ही मुलं पुढच्या महिन्यात अशाच ठिकाणी कामाला लागणार आहेत. फाइनमननीसुद्धा शेवटी मुलांना शुभेच्छा दिली ती एवढीच, की असा प्रामाणिकपणा ज्या ठिकाणी ठेवता येईल अशा ठिकाणी काम करायचं नशीब तुम्हाला लाभो. ते नशीब सगळ्यांना लाभत नाही हे त्यांना माहीत असणार.

भाषण लिहून काढा आणि प्रत वार्षिकांकाच्या संपादकांना द्या. सभागृहात ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यातलं कुणीतरी चार वर्षांनी ग्रंथालयात जुना अंक चाळत बसलेलं असतं. फाइनमनचं भाषणही आपल्याला छापल्यामुळेच मिळालं. आणि लंबकाचं उदाहरण माझ्याकडून उचलणार असाल तर खुशाल उचला, फक्त ९.८१ म्हणू नका. तुमच्या गावाचं जे असेल ते काढून मगच बोला.